कार्डावरची तारीख आणि खराडीतला हप्ता

खराडीत मार्चअखेर दोन प्रकारची असते. एक साऱ्या देशाची: करबचतीच्या पावत्या, ऑफिसातलं इयर-एंड, बँकांमधली गर्दी. दुसरी खास इथली. अमेरिकेच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीचा निकाल साधारण ३१ मार्चपर्यंत लागतो. त्या आठवड्यात ईऑन आयटी पार्कच्या आसपासच्या उंच सोसायट्यांमध्ये लिफ्टमध्ये भेटलेल्या शेजाऱ्याला ‘मुलगा काय म्हणतोय?’ असं विचारायचं नसतं. नंबर लागला असेल तर तो स्वतःच सांगतो, पेढेही आणतो. नसेल लागला, तर मजल्याचं बटण दाबून पायाकडे बघतो.

नगर रस्त्यालगतचं हे शेतीचं गाव नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महापालिकेत आलं. झेन्सारचं आवार होतं, मग ईऑन उभं राहिलं, वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे आले, गेरा कॉमरझोनमध्ये बार्कलेजचं मोठं संकुल आलं. लंडनची आणि न्यूयॉर्कची कामं इथल्या काचेच्या इमारतींमध्ये होऊ लागली आणि रात्री दोन वाजता सोसायटीच्या गेटवर कॅब थांबणं हे कुणाला नवल राहिलं नाही. याच नोकऱ्यांवर फ्लॅट घेतलेली पिढी आता पन्नाशीत आहे आणि त्यांची मुलं अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनीत शिकून तिथल्या तात्पुरत्या परवान्यांवर काम करताहेत. या आईबापांना क्लायंट, रिलीज, अप्रेझल हे सगळं कळतं. पण मुलाच्या खिशातल्या ईएडी कार्डावर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, एक तारीख छापलेली असते आणि त्या तारखेनंतर त्याने एक दिवसही काम केलं तर ते बेकायदा ठरतं, हे बऱ्याच घरांत तारीख तोंडावर आल्यावर कळतं.

आकडे मोठे आहेत. ‘ओपन डोअर्स’ अहवालाप्रमाणे २०२३-२४ या वर्षात अमेरिकेतल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ झाली आणि भारताने चीनला मागे टाकलं. पुढच्या वर्षी ती ३,६३,०१९ वर गेली. त्यातले १,४३,७४० जण वर्गात नव्हतेच, ते शिक्षण संपवून ओपीटीवर काम करत होते. म्हणजे ज्यांना आपण ‘शिकायला गेलेले’ म्हणतो, त्यातल्या दर पाचांतले दोघे खरं तर मुदतीच्या परवान्यावरचे नोकरदार आहेत.

ओपीटी म्हणजे शिकलेल्या विषयात १२ महिने काम करण्याची मुभा. विषय विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित यांच्या सरकारी यादीत असेल तर आणखी २४ महिने. ही वाढ २००८ मध्ये १७ महिन्यांची होती, २०१६ मध्ये ती २४ झाली. एकूण तीन वर्षं. त्यात बेकार राहायला पहिल्या मुदतीत ९० दिवस आणि सगळी मुदत मिळून १५० दिवस. हे दिवस सेव्हिस नावाच्या सरकारी नोंदवहीत आपोआप मोजले जातात, त्यासाठी पोस्टमन नोटीस घेऊन येत नाही. मुदत संपली की ६० दिवसांची सवलत असते. इथे घरोघरी एक घोळ होतो. या ६० दिवसांत राहता येतं, काम करता येत नाही. सामान आवरा, दुसऱ्या अभ्यासक्रमात जा, किंवा दुसऱ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करा, एवढाच त्याचा अर्थ. ‘अजून दोन महिने आहेत की’ असं आई फोनवर म्हणते तेव्हा मुलाचा पगार थांबलेला असतो.

मधल्या काळात एच-वन-बीची लॉटरी. वर्षाला ६५,००० जागा, शिवाय अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी २०,०००. या मर्यादेतल्या अर्जासाठी नोंदवलेली पात्र नावं २०२३च्या वसंतात साडेसात लाखांवर गेली होती, कारण एकाच माणसाच्या नावे अनेक कंपन्या चिठ्ठ्या टाकत होत्या. पुढच्या वर्षापासून माणसागणिक एक चिठ्ठी हा नियम आला, २०२५ मध्ये नोंदणीची फी १० डॉलरवरून २१५ वर गेली, आणि नोंदी साडेतीन लाखांच्या आत आल्या. त्यातल्या १,२०,१४१ निवडल्या गेल्या. म्हणजे तिघांतल्या एकाला संधी. सलग तीन वर्षं चिठ्ठी टाकली तर कधी ना कधी नंबर लागेल, असं घरचे धरून चालत. गणित तेवढं उदार नव्हतंच: दरवर्षी ३० टक्के शक्यता धरली तरी तिन्ही वेळा हुकणारे शंभरात चौतीस निघतात.

आता ते गणितही राहिलं नाही. फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमाने लॉटरी पगाराच्या पातळीवर तोलली जाते. सर्वांत वरच्या, चौथ्या पातळीच्या माणसाच्या चार चिठ्ठ्या, पहिल्या पातळीच्या माणसाची एक. नुकतंच कॉलेजमधून बाहेर पडलेलं पोर बहुतेक पहिल्या किंवा दुसऱ्या पातळीवर असतं. नियम मांडताना अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यानेच अंदाज दिला होता की पहिल्या पातळीची निवडीची शक्यता सुमारे १५ टक्क्यांवर येईल आणि चौथीची ६१ टक्क्यांवर जाईल. १५ टक्क्यांनी तीनदा चिठ्ठी टाका, शंभरातले एकसष्ट जण रिकाम्या हाताने उरतात. माझं स्पष्ट मत आहे की यापुढे ‘नंबर लागला नाही तर’ हा वाक्प्रयोगच सोडावा. पहिल्या पातळीवरच्या मुलाचा नंबर न लागणं हीच आता नेहमीची गोष्ट असणार, लागला तर तो अपवाद.

त्यात सप्टेंबर २०२५ मधली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची घोषणा. नव्या एच-वन-बी अर्जावर १,००,००० डॉलर. १२ महिन्यांसाठी म्हणून लागू केलेल्या या आदेशाचं पुढच्याच महिन्यात स्पष्टीकरण आलं: भार पडतो तो अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी केलेल्या अर्जावर. जो तिथे राहून विद्यार्थी दर्जावरून नोकरी दर्जावर जातो, त्याच्यावर नाही. या एका वाक्याने निर्णयाची घडीच बदलली. पूर्वी मुदत संपताना ‘ये परत, इथून अर्ज करू’ हा सल्ला निरुपद्रवी होता. या आदेशाखाली तोच सल्ला कंपनीला लाखभर डॉलरला पडतो, आणि एवढे पैसे नवख्या इंजिनिअरसाठी कोणती कंपनी मोजेल? म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी वकिलाचा तासभर घ्यावा. हजारो मैलांवरच्या मामाचा नव्हे.

मामांचा विषय निघालाच आहे. १९६५च्या कायद्याने अमेरिकेने देशागणिक जुनी बंधनं काढली, आणि साठच्या दशकाअखेरीपासून सीओईपीचे इंजिनिअर आणि बीजेचे डॉक्टर तिकडे जाऊ लागले. त्यांना ग्रीन कार्ड चटकन मिळायचं. ती माणसं कष्टाळू होती, त्यांनी मंडळं काढली, गणपती बसवले, शनिवारच्या मराठी शाळा चालवल्या, हे सगळं खरं. पण ‘आम्हीही काढलेच की दिवस’ हा त्यांचा धीर आजच्या पोराला निरुपयोगी आहे. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, आणि भारतीयांची रांग दशकांची आहे. न्यू जर्सीतल्या अशा मामांना आजच्या नियमांत ग्रीन कार्ड मिळेपर्यंत नातवंडं कॉलेजात गेली असती.

मग मुदत संपत आलेल्याने करायचं काय? इथे सल्ल्याचा बाजार भरतो.

त्यातला सर्वांत घातक माल म्हणजे ‘डे वन सीपीटी’. एखाद्या छोट्या विद्यापीठात दुसऱ्या मास्टर्सला नाव घालायचं आणि पहिल्या दिवसापासून ‘अभ्यासक्रमाचा भाग’ म्हणून नोकरी चालू ठेवायची. कागदावर हे सरसकट बेकायदा नाही. पण पुढे एच-वन-बीचा अर्ज तपासताना अधिकारी विचारतात की एक मास्टर्स असताना दुसरं का, वर्ग कधी भरले, गावापासून विद्यापीठ किती लांब होतं. उत्तरं लटपटली की मधल्या काळातला दर्जाच नव्हता असं ठरू शकतं. २०१९ च्या जानेवारीत मिशिगनमधल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’चं प्रकरण उघडकीस आलं. त्या विद्यापीठाला वर्ग नव्हते, प्राध्यापक नव्हते. ते अमेरिकी इमिग्रेशन खात्यानेच सापळा म्हणून चालवलेलं होतं. पहिल्या धरपकडीत पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय निघाले. मुलांना फसवलं गेलं की त्यांनी डोळे मिटून घेतले, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. दोन्ही खरं असावं. पण फी भरून वर्ग न होणाऱ्या जागी नाव घालणाऱ्याला आपण काय विकत घेतोय हे अगदीच कळत नाही, असं मला वाटत नाही.

याच जातीचा दुसरा माल म्हणजे कागदोपत्री कंपनी: बेकारीचे दिवस थांबावेत म्हणून कुणीतरी ‘एम्प्लॉयर’ म्हणून नाव देतो, पगार नाही, काम नाही. रेझ्युमेत तीन वर्षांचा बनावट अनुभव चढवणाऱ्या कन्सल्टन्सीही याच गल्लीतल्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पुढच्या प्रत्येक सरकारी फॉर्मवर ती नोंद सावलीसारखी येते.

सरळ वाटा कमी आहेत, पण आहेत. विद्यापीठं, त्यांना जोडलेली रुग्णालयं आणि ना-नफा संशोधन संस्था यांना एच-वन-बीची संख्यामर्यादा लागू नाही. तिथे लॉटरी नाही, वर्षभरात कधीही अर्ज करता येतो. पगार कंपनीपेक्षा कमी. त्यामुळे कंप्युटरवाल्या मुलांच्या मनात ही वाट येतच नाही, आणि विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना तर डेटा सांभाळणारी माणसं हवी असतात. दुसरी वाट पीएचडीची. वरच्या पातळीची पदवी घेतली की ओपीटीचं नवं खातं उघडतं, तंत्रज्ञानाच्या विषयात २४ महिन्यांची वाढ आयुष्यात दोनदा मिळू शकते. पण निव्वळ कार्डासाठी पीएचडी करणाऱ्याने पाच वर्षांनी स्वतःचा चेहरा आरशात बघावा. संशोधनाची ओढ असेल तरच त्या वाटेला जावं.

तिसरी वाट लग्नाची. मराठी विवाह मंडळांच्या बायोडेटात ‘एच-वन-बी’ आणि ‘ओपीटी’ यांत फरक करणारी वधूपक्षाची मंडळी आता पुण्यात पुष्कळ आहेत. कुणी एच-वन-बीवाल्याशी लग्न करून एच-फोर दर्जावर राहायचं ठरवलं तर राहता येतं, पण काम करता येईलच असं नाही. जोडीदाराच्या ग्रीन कार्डाची प्राथमिक मंजुरी झालेली असेल तरच, आणि तेही २०१५ पासून. ‘तिकडे गेल्यावर बघू’ या वाक्यावर बोहल्यावर चढलेल्या इंजिनिअर मुली नंतर वर्षानुवर्षं घरात बसलेल्या आहेत.

आता खराडीकडे येतो, कारण सर्वांत दुर्लक्षित वाट इथूनच जाते. अमेरिकेचा एल-वन व्हिसा कंपनीअंतर्गत बदलीसाठी असतो. त्याला लॉटरी नाही, वार्षिक मर्यादा नाही आणि लाख डॉलरचा तो आदेशही नाही. अट अशी की अर्जाआधीच्या तीन वर्षांत माणसाने त्याच कंपनीच्या अमेरिकेबाहेरच्या शाखेत सलग एक वर्ष काम केलेलं असावं, आणि ते व्यवस्थापकीय तरी असावं किंवा कंपनीच्या खास ज्ञानाचं तरी. म्हणजे ज्याचं ओपीटी संपतंय आणि ज्याच्या कंपनीचं ऑफिस खराडीत, हिंजवडीत किंवा बंगळुरूत आहे, त्याने राजीनामा देण्याऐवजी बदली मागावी. इथे वर्षभर काढून पुन्हा जाता येतं. मात्र ही वाट माणसाची नसते, कंपनीची असते. एल-वनवर गेलेल्याला नोकरी बदलता येत नाही, आणि ‘खास ज्ञान’ म्हणजे काय यावर अधिकारी कडक प्रश्न विचारतात. शिवाय मॅनेजरच्या मनात तुम्ही असावं लागतं. ते मन शेवटच्या महिन्यात वळत नाही. ओपीटीच्या पहिल्याच वर्षी ‘माझा नंबर लागला नाही तर पुण्याच्या टीममध्ये जागा आहे का?’ असं विचारणारा मुलगा पुढे तरतो. विचारायला लाजणारा साठ दिवसांत रेझ्युमे वाटत फिरतो. इथल्या ऑफिसांत अमेरिकेहून असे बदलून आलेले तरुण आता सहज भेटतात. संध्याकाळी सहाला त्यांची मीटिंग सुरू होते आणि मध्यरात्र उलटून संपते, आईने झाकून ठेवलेलं ताट ते तेव्हा उघडतात. काही जणांना परत जायचं आहे, काहींचा तो बेत मागे पडलाय.

आणखी एक गट अधूनमधून दिसतो: स्टॅम्पिंगला, म्हणजे पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायला आलेला आणि अडकलेला. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखत आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच द्यायची असा दंडक आला, त्यामुळे मेक्सिको किंवा कॅनडात जाऊन शिक्का मारून येण्याची सोय गेली. डिसेंबरात समाजमाध्यमांवरच्या नोंदींची तपासणी एच-वन-बीला लागू झाली आणि अनेकांच्या तारखा काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. दोन आठवड्यांच्या रजेवर, बहिणीच्या लग्नाला म्हणून आलेली माणसं आईवडिलांच्या दुसऱ्या बेडरूममध्ये लॅपटॉप लावून बसली, तिकडच्या घराचं भाडं भरत.

कॅनडाचा अनुभव वेगळ्या चवीचा आहे. तिथला पीजीडब्ल्यूपी हा शिक्षणानंतरच्या कामाचा परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा, आणि आयुष्यात एकदाच मिळतो. कोविडनंतर २०२१, २०२२ आणि २०२३ अशी तीन वेळा सरकारने मुदतवाढ दिली. त्यामुळे ‘चौथ्यांदाही देतील’ असं हजारोंनी धरलं. नाही दिली. २०२४ मध्ये ब्रॅम्प्टनमध्ये मुदत संपत आलेले पदवीधर रस्त्याकडेला तंबू ठोकून बसले, त्यात पंजाबी मुलं जास्त होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून परवान्याला भाषेच्या परीक्षेची अट लागली, कॉलेजच्या पदविकांना विषयाचीही. मार्च २०२५ मध्ये कायमच्या वास्तव्याच्या गुणांकनातून नोकरीच्या ऑफरचे गुण काढून टाकले, कारण त्या ऑफरची कागदपत्रं पैसे मोजून विकली जात होती. दर्जा गेल्यावर तो पुन्हा मागायला ९० दिवस मिळतात, पण त्या काळात काम बंद. कायम वास्तव्याचा अर्ज एका ठरावीक टप्प्यापर्यंत गेला असेल तर मधल्या काळासाठी ‘ब्रिजिंग’ परवाना मिळतो, म्हणून तिथल्या मुलाने शेवटच्या वर्षी नव्हे, पहिल्याच वर्षी गुण मोजावेत. आणि फ्रेंच शिकावं. हे मी गमतीने लिहीत नाही. फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या सोडती निघतात आणि त्यांना लागणारे गुण सर्वसाधारण सोडतीपेक्षा खूपच खाली असतात. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषांचा विभाग आहे, खराडीतल्या मुलाला तिथे पोचायला ट्रॅफिक सोडला तर अडचण नसावी.

ब्रिटनबद्दल थोडक्यात. शिक्षणानंतर काम करू देणारा ग्रॅज्युएट रूट जुलै २०२१ मध्ये सुरू झाला, दोन वर्षांचा. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो १८ महिन्यांचा होणार. त्याला मुदतवाढ नाही. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसा हवा, आणि त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे, नवोदितांसाठी ३३,४०० पौंड. एका वर्षाच्या मास्टर्सवर तिथे गेलेल्या आणि कॉफीच्या दुकानात तास भरणाऱ्या मुलाला हा आकडा दुर्बिणीतून दिसतो.

जर्मनीबद्दल पुण्यात बोलायला आवडतं, कारण मॅक्सम्युलर भवनमुळे तीन पिढ्यांचं नातं आहे. तिथल्या विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं. मग ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांचा नोकरीचा परवाना. २०२५ मध्ये त्याची पगारमर्यादा ४८,३०० युरो होती, नुकत्याच पदवी घेतलेल्यांना आणि टंचाईच्या व्यवसायांना सुमारे ४३,८००. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी कायमचं वास्तव्य मागता येतं, जर्मन बी-वन पातळीची येत असेल तर २१ महिन्यांनीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची संख्या वर्षाला २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनेही बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. हे सगळं ऐकून इंग्रजी माध्यमाच्या कोर्सला गेलेली मुलं दुसऱ्या वर्षी ओरडतात, कारण कंपन्या जर्मन मागतात. पण अमेरिकेशी तुलना केली तर एक फरक ठळक आहे. जर्मनीत चिठ्ठी निघत नाही. अट पूर्ण केली की कार्ड मिळतं.

आता परत येण्याबद्दल. आपल्याकडे या शब्दाला पराभवाचा वास आहे, आणि तो वास घरचेच लावतात. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, १९१६ मध्ये लंडनला पोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. बडोद्याला काय वाट्याला आलं ते सर्वांना ठाऊक आहे. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, काटकसर, शाहू महाराजांची मदत, एका पारशी मित्राकडून उसने पैसे, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. डी.एस्सी. १९२३ मध्ये. अमेरिकेच्या व्हिसाशी याची तुलना होत नाही, त्यांच्यासमोरची भिंत फार वेगळी आणि फार उंच होती. पण मुदत संपली म्हणून परतणं आणि रस्ता संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला याहून मोठा दाखला आपल्याकडे नाही.

खरी अडचण मनाची नसते, हप्त्याची असते. ४० लाखांचं शैक्षणिक कर्ज, ११ टक्के व्याज, १० वर्षं: महिना सुमारे ५५ हजार. अभ्यासक्रम आणि त्यावर सहा महिने किंवा वर्ष एवढीच सवलत असल्याने हप्ता ओपीटीच्या पहिल्या वर्षातच सुरू होतो. डॉलर ८८ रुपये धरला तर हे सव्वासहाशे डॉलर होतात. करकपात जाऊन साडेचार-पाच हजार डॉलर हातात येणाऱ्याला ते पेलतात. तोच मुलगा खराडीत १० लाखांच्या पॅकेजवर आला तर हातात सत्तर-पंचाहत्तर हजार येतात आणि हप्ता तेवढाच राहतो. उरलेल्या पंधरा-वीस हजारांत तो आईवडिलांच्या घरी जेवू शकतो, वेगळं घर मांडू शकत नाही. म्हणजे परतीचं ओझं त्याच्या पगारावर नाही, वडिलांच्या निवृत्तीवर पडतं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं करसवलत आहे, पण ती जुन्या करपद्धतीतच. अनेकांनी नवी पद्धत निवडून ती सवलत आपणच सोडली आहे. बँकेकडे मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची विनंती करता येते, आणि ती हप्ता चुकण्याआधी करायची असते, तीन हप्ते थकल्यावर नव्हे.

या सगळ्यात एक आरसा आपल्याच दारात आहे. विमाननगर आणि खराडीतल्या भाड्याच्या फ्लॅटांत इराणी, अफगाण, आफ्रिकी विद्यार्थी राहतात, कुणी सिंबायोसिसचे, कुणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांतले. त्यांची पदवी संपली आणि इथेच नोकरी करावीशी वाटली तर भारताचा एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो, आणि त्यासाठी पगाराची किमान मर्यादा वर्षाला १६.२५ लाख रुपये आहे. परदेशी भाषांचे शिक्षक, दुभाषे, परदेशी पदार्थांचे स्वयंपाकी असे काही अपवाद सोडले तर नवख्या पदवीधराला हा आकडा गाठणं दुरापास्त. पुण्यातला साधा बीकॉम झालेला सुदानी मुलगा तो कुठून आणणार? १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला, १९४६चा जुना कायदा गेला. मुदतीच्या पुढे राहिल्याचा दंड आहे, बाहेर जायला परवानगी लागते. आपल्या मुलांवर अमेरिकेने लावलेल्या अटी आपल्याला जाचक वाटतात. आपण लावलेल्या अटींबद्दल मात्र त्याच सोसायटीच्या सभेत ‘परदेशी भाडेकरू नकोत’ एवढाच ठराव होतो.

मुलाला किंवा मुलीला परदेशी पाठवायचं ठरवलेल्या घरांना एवढंच सुचवतो. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी डॉलरमधल्या पगाराचा हिशेब मांडता, त्याशेजारी खराडीतल्या पगाराचा हिशेबही मांडा आणि मुलासमोर बसून मांडा. दुसऱ्या हिशेबात हप्ता बसत नसेल तर स्वस्त विद्यापीठ, दुसरा देश किंवा दोन वर्षं नोकरी करून मग जाणं, यांतलं काहीतरी निवडा. बँक हा दुसरा हिशेब कधीच मागत नाही, कारण तिच्याकडे तुमचा फ्लॅट तारण असतो.